तुझ्या छातीला कुणी कान लावला नाही

तुझा भाऊ वामन चामोर्शीहून लाकडाच्या ट्रकमधून आला. एटापल्लीच्या चौकात उतरला आणि तिथून रडतच आपल्या गल्लीत शिरला. काखेत कागदात गुंडाळलेलं पांढरं लुगडं होतं. ते त्यानं तुझ्यासाठी आणलं होतं. नवरा गेला की बाईला माहेरचं पांढरं लुगडं लागतं, म्हणून वाटेत दुकान उघडायला लावून त्यानं ते घेतलं होतं. त्याच्या हाती पडलेली तार इंग्रजीत होती. रामटेके एक्स्पायर्ड, लवकर निघा, एवढाच मजकूर. बाई की पुरुष हे तारेत नव्हतं, आणि ते विचारायची गरज कुणालाच वाटली नाही.

मी ओसरीवर भिंतीला टेकून बसलो होतो. तो अंगणात आला, मला पाहिलं आणि जागीच थिजला.

"भाऊजी, तुमी?"

मी फक्त आत बोट दाखवलं. चंद्रपूरहून रातोरात आलेला आपला लेक प्रकाश तुझ्या उशाशी बसला होता. वामन दारापर्यंत गेला, आत पाहिलं, आणि लहान पोरासारखा ओरडला, "अवो बाई, तू कशी व गेली?" काखेतलं लुगडं उंबऱ्यावर पडलं. तेच नंतर तुझ्या अंगावर घातलं. भन्तेजी त्रिशरण म्हणत होते आणि मी त्या पांढऱ्या कापडाकडे बघत होतो. हे माझ्या मरणाचं लुगडं होतं, आणि ते तू नेसून चालली होतीस.

वामनची चूक नव्हती. आपल्या घरात आधी कोण जाणार हे सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. मीही ठरवलं होतं, आणि तूही.

गडचिरोली जिल्हा नवा झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मला कामावर, लाकडाच्या डेपोतच अटॅक आला. मी सागाच्या थप्प्यांवरचे नंबर तपासत होतो. छातीवर कुणी ओंडका ठेवल्यासारखं झालं आणि मी खाली बसलो. जंगलखात्याच्या जीपमधून मला चंद्रपूरला नेलं. त्या सगळ्या वाटेत माझं डोकं तुझ्या मांडीवर होतं. आलापल्लीच्या पुढं रस्ता इतका खराब होता की प्रत्येक खड्ड्याला तू माझं डोकं दोन्ही हातांनी धरायचीस आणि ड्रायव्हरला म्हणायचीस, "हळू चालव बाप्पा, काचेचं हाय." मला त्याही अवस्थेत हसू आलं होतं. तुला हे कधी सांगितलं नाही.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी आपल्या दोघांना समोर बसवलं. गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या, त्यात खंड नाही. बिडी बंद. मीठ-तेल कमी. रोज चालायचं. "आणि याच्या जोडीला," ते म्हणाले, "हलका योग करा. श्वास लांब सोडायचा, शवासन करायचं, हातपाय मोकळे करायचे. शीर्षासन नाही, श्वास कोंडून धरायचा नाही, कुठेही जोर लावायचा नाही. गोळ्यांच्या ऐवजी नाही बरं का, जोडीला." तू तो शब्द पकडून ठेवलास. घरी येईपर्यंत तुझ्या तोंडात तेच, जोडीला, जोडीला.

आपण तेव्हा प्रकाशच्या खोलीवर राहत होतो, चंद्रपूरलाच. जवळच्या शाळेत सकाळी योगवर्ग भरायचा. मी पहिल्या दिवशी दारातूनच परत आलो. आत सगळे ओंकार म्हणत होते. छप्पन साली धम्म घेतलेल्या बापाचा मी मुलगा, पन्नाशी उलटल्यावर हे करू? मी तुला स्पष्ट सांगितलं, "आपल्याले हे जमणार नाई. आपल्या लोकांनी जे सोडलं ते मी पुन्हा धरू काय?"

तू भांडी घासत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "श्वासाले कोणती जात असते जी?"

"प्रश्न श्वासाचा नाई."

"मंग कशाचा हाय? डॉक्टरनं श्वास सांगतला. ओम त्यानं सांगतला नाई. विहारात भन्तेजी बसवतेत तवा काय करतो आपण? श्वासच पाहतो ना? तुमाले जायचं नसन तं नका जाऊ. मी शिकून येईन."

आणि तू खरंच गेलीस. बायकांचा वर्ग वेगळा होता, बहुतेक वकील-डॉक्टरांच्या घरच्या. त्यांच्यात तू नऊवारी लुगडं सावरत मागच्या रांगेत बसायचीस. शिकवणाऱ्या बाईंना तू पहिल्याच दिवशी सांगितलंस म्हणे, की मले काई झालं नाई, माह्या घरच्यासाठी शिकायचं हाय. त्या बाईंनाही ते पटलं. तुला काही झालं असेल असं त्यांना तरी का वाटावं?

एटापल्लीला परत आलो आणि माझी शाळा सुरू झाली. ओसरीवर दोन सतरंज्या. माझी भिंतीकडची, तुझी अंगणाकडची, म्हणजे गल्लीतून कुणी डोकावलं तर मला लाज वाटू नये. तू माझ्या पोटावर हात ठेवायचीस. "पोट फुगलं पायजे, छाती नाई. छातीले आराम द्या. हां, आता सोडा. अजून सोडा. कोंडू नका जी." सुरुवातीला मी चिडायचो. हे असं पडून राहून काय होणार? मला वाटायचं, डॉक्टर गोळ्या देतात ते खरं, बाकी बायकांचे सोपस्कार. पण पावसाळा उतरेपर्यंत मी रात्रभर झोपायला लागलो होतो. डेपोत कुणावर ओरडलो तरी छातीत धडधड होत नव्हती. अटॅकनंतर मनात एक भीती घर करून बसली होती, जरा कुठे दुखलं की घाम फुटायचा, ती हळूहळू निघून गेली. चंद्रपूरला दाखवायला गेलो तेव्हा बी.पी. चांगलं निघालं. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या आणि योग, दोन्ही मनापासून चाललंय." मी छाती फुगवली. तू बाजूला पिशवी मांडीवर घेऊन बसली होतीस.

त्याच दिवशीचं मला तुझ्याशी बोलायचं आहे. जिना चढून आल्यामुळे तुला धाप लागली होती. तू पदरानं तोंड पुसत होतीस. डॉक्टरांनी माझ्या कागदावर लिहिता लिहिता तुझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बाई, तुम्हाला धाप लागते का हो?"

उत्तर मी दिलं. तू तोंड उघडायच्या आधी मी म्हणालो, "तिले काय होते साहेब, तीच तं मले चालवते."

डॉक्टर हसले. मीही हसलो. तूही हसलीस, आणि पदर नीट केलास. त्यांच्या गळ्यातली नळी तुझ्यापासून हातभर अंतरावर होती. किती वेळा आपण त्या खोलीत गेलो! दर वेळी ती नळी माझ्या छातीला लागली. तू बाजूला बसून राहिलीस.

आता मागे वळून पाहतो तेव्हा सगळं दिसतं. हातपंपावरून येताना तू चिंचेखाली पाण्याचा गुंड खाली ठेवायचीस आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांशी बोलत उभी राहायचीस. मला वाटायचं, हिला गप्पांची हौस आहे. पाठीत कळ आली की भिंतीला पाठ दाबून म्हणायचीस, वारा भरला. ओवा चावायचीस. आणि ती दाढ! जबडा दुखतो म्हणून अहेरीला जाऊन तू दाढ काढून आलीस. चांगली, घट्ट दाढ. काढणाऱ्यानं सुद्धा म्हटलं होतं की ही किडलेली नाही. दाढ गेली तरी दुखणं गेलं नाही, चढावर चाललं की जबडा दुखायचाच. मी काय म्हणालो आठवतं? "आता दुसऱ्या बाजूची काढून टाक." तू म्हणालीस, "मले काय धाड भरली हाय, तुमी तुमचे डोळे मिटा." आणि सकाळचा आपला योग सुरू झाला.

तू गेलीस त्या सकाळी तू उठायला तयार नव्हतीस. मी सतरंज्या टाकल्या, तशी तू आतूनच म्हणालीस, "आज तुमी तुमचं करा जी, मले आळस येऊन राह्यला."

मी म्हणालो, "शिकवणारीच आळस करते तं शिकणाऱ्यानं काय करावं?"

मी हे चेष्टेनं म्हणालो होतो. गेला महिनाभर मी ते वाक्य वेगवेगळ्या आवाजांत म्हणून पाहतो आहे. खरंच चेष्टेसारखं वाटलं असेल का तुला? तू आलीस. हात वर नेताना अर्ध्यातच खाली घेतलेस. शवासनात माझ्याआधी पडलीस. मग उठून चुलीकडे गेलीस. थोड्या वेळानं आत कशाला तरी धक्का लागून तांब्या पडल्याचा आवाज आला. मी आत आलो तर तू भिंतीला टेकून बसली होतीस. सकाळचा गारवा होता आणि तुझ्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. डावा हात मांडीवर मेल्यासारखा पडला होता.

"पाणी द्या," तू म्हणालीस. मी दिलं. "घाबरू नका," तू म्हणालीस. "तुमी घाबरू नका जी."

मी डॉक्टरला आणायला निघालो. सरकारी दवाखाना गावाच्या त्या टोकाला. आणि मी चालत गेलो. ऐक, मी चालत गेलो. धावायचं नाही, घाई करायची नाही, दम लागला की थांबायचं, श्वास लांब सोडायचा, पुन्हा चालायचं, हे तू मला इतकं शिकवलं होतंस की पाय आपोआप तसेच पडत होते. बाजारचौकात मी थांबलोसुद्धा. थांबलो, श्वास सोडला, आणि मग पुढे गेलो. तुझा जीव जात होता आणि मी माझं हृदय सांभाळत होतो.

डॉक्टर तरुण पोरगा, सायकलवर टांग टाकून माझ्या पुढे निघून गेला. मी पोचलो तेव्हा तो तुझ्या छातीवर दोन्ही हातांनी जोर देत होता. मग थांबला. हमीदाबी, आपल्या शेजारची, तुझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ती हाक ऐकून आली होती. म्हणजे मी गेल्यावर तू हाक मारली होतीस.

"यांना जिभेखालची गोळी दिली होती का?" डॉक्टरनं विचारलं.

"कोणती, माही?" मी म्हणालो.

हमीदाबीनं तुझ्या कमरेचा ओचा सोडला. माझी त्या गोळ्यांची बाटली तिथेच होती, तुझ्या अंगाला चिकटलेली. मला कुठेही, कधीही लागली तर शोधावी लागू नये म्हणून ती तू कायम जवळ बाळगायचीस. तुला स्वतःला ती सुचली नाही, आणि मलाही नाही. ती माझी गोळी होती ना! डॉक्टर भला माणूस. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बाबूजी, त्या गोळीनं वाचल्याच असत्या असं मी सांगू शकत नाही. एवढा मोठा अटॅक, कदाचित नसत्याही." मी त्या 'कदाचित'ला धरून बसलो आहे. तो मला सोडतही नाही आणि तारतही नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी जेवणं झाल्यावर वामन माझ्यावर उखडला. सगळ्यांसमोर म्हणाला, "तुमच्या त्या योगानंच खाल्लं माह्या बहिणीले. रोज करत होती ना? काय भेटलं तिले?" काही लोकांनी माना डोलावल्या. गल्लीतही तेच चाललं होतं, योग करणारी बाई अशी पटकन गेली, मग कशाचा काय उपयोग?

त्याला रागवावं असं मला वाटलं नाही. पण गप्पही बसवेना. मी म्हणालो, "वामन, योगानं तिले नाई मारलं. मी गोळ्या घेत होतो आणि योग करत होतो, म्हणून इथी बसलो हाव. तिच्या वाट्याले नुसता योग आला. तिची छाती कोणी तपासली नाई, तिले कोणी गोळी देल्ली नाई. डॉक्टरनं दोन्ही सांगतलं होतं, ते मले दोन्ही भेटलं. माहं तिनं पाहिलं. तिचं मी पाहिलं नाई."

वामन तोंड दुसरीकडे करून बसला. निघताना माझ्या पाया पडला, मला ते फार जड गेलं.

त्यानंतर मी सतरंजी टाकली नाही. खरं सांगतो, गोळ्याही घेतल्या नाहीत. ठरवून असं नाही. सकाळी उठावं, ओसरीवर बसावं, आणि वाटावं की हे सगळं करून जगायचा आपल्याला काय हक्क आहे? प्रकाशच्या ते लक्षात आलं. गोळ्यांची पाकिटं तशीच पाहून तो संतापला. "आईनं तिचा सगळा जीव तुमच्यात घातला बाबा," तो म्हणाला, "आणि तुम्ही तो असा वाया घालवता?" बोलता बोलता त्याचा आवाज फुटला. मी त्याच्यासमोर गोळी घेतली. योगाचं मात्र झालं नाही.

प्रकाश चंद्रपूरला परत गेल्यावर एका दुपारी हमीदाबी आली. तुझ्या दुपारच्या बायकांतली ती पहिली, हे मला माहीत होतं. जेवणं उरकल्यावर तुम्ही चारपाच जणी मागच्या पडवीत बसायचात, तू त्यांना श्वास शिकवायचीस, आणि मी पलीकडे पेपर वाचत तुमच्या हसण्याला कंटाळायचो. ती ओसरीच्या पायरीवर बसली. बराच वेळ बांगड्या फिरवत राहिली.

"भाऊ, एक बात सांगाची हाय. बाईनं मले कसम घातली होती."

"आता कशाची कसम?"

"बाईच्या छातीत दुखे, भाऊ. लय दिवसांपासून. चढावर, पाणी आणताना. मले म्हणे, हमीदा, यायले नको सांगू. ऐकलं तं घाबरतीन, आणि घाबरले तं त्यायचं दिल बसून जाईन. म्हणे, यायचं जरा पक्कं होऊ दे, मंग मी सांगीन. मी तं म्हणत होती भाऊ, मी म्हणत होती, चाल दवाखान्यात."

ती रडायला लागली. मी रडलो नाही. मला राग आला, तुझा. इतका राग मला आपल्या सगळ्या संसारात कधी आला नव्हता. मी एवढा काचेचा झालो होतो का, की तुझं दुखणं माझ्या कानावर घालता येऊ नये? आणि मग लक्षात आलं की काचेचा मी झालो नव्हतो, मला तसं राहणं सोयीचं पडलं होतं. सगळं घर माझ्या छातीभोवती फिरत होतं आणि मी त्याच्या मधोमध डोळे मिटून पडलो होतो. तू सांगणार होतीस, मी पक्का झाल्यावर. मी पक्का झालो होतो गं. तुला ते सांगायचं माझ्याकडून राहिलं.

हमीदाबी उठली, तशी पायरीजवळचा खांब धरून थांबली. एक हात छातीशी. "काई नाई भाऊ," ती म्हणाली, "गॅस असन."

तुझ्या 'वारा भरला'सारखाच तो शब्द ऐकला आणि मी पायात चपला न घालता तिच्या घरी गेलो. तिचा नवरा, करीमभाई, मशीनवर कपडे शिवत होता. मी त्याला म्हणालो, "मशीन बंद कर. आताच्या आता दवाखान्यात चाल." तो माझ्याकडे बघतच राहिला, त्याला वाटलं असेल की बाबूचं डोकं फिरलं. पण आला. त्या तरुण डॉक्टरनं हमीदाबीला तपासून चंद्रपूरची चिठ्ठी दिली, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं एस.टी.च्या लाल गाडीत बसलो. वाटभर करीमभाई मला विचारत होता, काही मोठं तर नसेल ना. मला काय ठाऊक? मी नुसतं म्हणत होतो, चांगलं केलं आपण निघालो.

चंद्रपूरच्या आपल्या त्याच डॉक्टरांनी तिचा कार्डिओग्राम काढला. हृदयाला रक्त कमी पडतं, म्हणाले, पण वेळेवर आलात. गोळ्या लिहून दिल्या, जिभेखालचीही दिली. श्वासाचं चालू ठेवू का, असं तिनं विचारलं. ते म्हणाले, चालू ठेवा, पण दुखलं की लगेच थांबायचं, आणि गोळी चुकवायची नाही. मग त्यांनी मला विचारलं, "तुमच्या बाई नाही आल्या आज?"

मी सांगितलं. ते खुर्चीत मागे टेकले. मग म्हणाले, "मी तेव्हा विचारलं होतं त्यांना." त्यांनाही आठवत होतं. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहू शकलो नाही.

लोक म्हणतात, बाबू, तुम्ही हमीदाबीला वाचवलं, बाईला बरं वाटत असेल. तुला वाटत असेल, तुझा स्वभावच तसा. मला मात्र यानं काही हलकं वाटलं नाही. तिच्यासाठी मी ज्या पायांनी अनवाणी निघालो, ते पाय तुझ्यासाठी चौकात थांबले होते. हे असंच राहणार आहे. मी त्याच्याशी भांडायचं सोडलं आहे.

तुझे उपकार मानू म्हटलं तर त्यातही शरम वाटते, कारण ज्याबद्दल उपकार मानायचे ते म्हणजे माझं हे जगणं, आणि ते तुझ्या जगण्यातून काढून घेतल्यासारखं आहे. तरी मानतो. तू नसतीस तर मी त्या पहिल्याच वर्षी बिडी ओढत, चिडत, रात्र रात्र घाबरत मेलो असतो. तू मला मधली वर्षं दिलीस. त्यांत नातीचा जन्म पाहिला, मार्कंड्याच्या नदीकाठी वाळूत बसून तुझ्या हातची भाकर खाल्ली, आणि उतारवयात, कुणाला सांगायला लाज वाटेल इतका, मी तुझ्या आवाजाच्या प्रेमात पडलो. सतरंजीवर पडून डोळे मिटले की तो यायचा. मी त्याच्यासाठी उठायचो, हृदयासाठी नाही.

चंद्रपूरहून आल्यापासून पुन्हा सुरू केलं आहे. गोळी घेतो, मग सतरंजी टाकतो. शिकवणारं कुणी नाही, तरी चुका होत नाहीत, इतकं तू ते अंगात मुरवलं आहेस. डोळे मिटतो. पहिला श्वास आत घेताना रोज लाज वाटते. तो लांब सोडला की थोडी कमी होते. मग दुसरा घ्यावा लागतो.